अतिरिक्त ठरलेल्या ब्रिटिश लष्करी रायफली आणि त्यांचे संग्राहक-मूल्य

प्रस्तावना

उपयुक्तता, दुर्मीळता आणि मागणी यांवर वस्तूची किंमत ठरते, हे सूत्र पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. तथापि काही वस्तूंच्या बाबतीत हे सूत्र अपुरे पडते. ब्रिटिश सैन्याने दीर्घकाळ वापरून 'अतिरिक्त' म्हणून विक्रीस काढलेली ली-एनफिल्ड रायफल ही अशा वस्तूंपैकी एक होय. तिला दुर्मीळ म्हणता येत नाही. तिच्या सर्व प्रकारांचे मिळून उत्पादन सुमारे १ कोटी ७० लाख मानले जाते. उपयुक्ततेच्या दृष्टीनेही तिचा काळ केव्हाच सरला आहे. असे असूनही ब्रिटन, अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत तिचा स्वतंत्र संग्राहक-बाजार आहे. त्या बाजाराचे वैशिष्ट्य असे की, एकाच वर्षी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन रायफलींपैकी एक काही शे डॉलरांत मिळते, तर दुसरीसाठी कित्येक हजार डॉलर मोजावे लागतात.

महाराष्ट्रातील वाचकास ही रायफल 'थ्री नॉट थ्री' या नावाने परिचित आहे. पोलीस ठाण्याच्या दारातील पहारेकऱ्याच्या खांद्यावर आणि महाविद्यालयाच्या मैदानावरील एन.सी.सी.च्या कवायतीत ती अनेक पिढ्यांनी पाहिली आहे. या रायफलीचे संग्राहक-मूल्य कशातून निर्माण होते, आणि ते मूल्य तिच्या इतिहासाचे खरे माप आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रायफलीचा वंश

ज्यांच्या नावावरून ही रायफल ओळखली जाते, ते जेम्स पॅरिस ली १८३१ मध्ये स्कॉटलंडमधील हॉइक येथे जन्मले, कॅनडात वाढले आणि पुढे अमेरिकेत शस्त्रसंशोधक म्हणून नावारूपास आले. त्यांची पेटीवजा मॅगझिन व बोल्टची रचना ब्रिटनने १८८८ मध्ये स्वीकारली. विल्यम मेटफर्ड यांनी आखलेले नळीतील उथळ आटे धूररहित कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने आखलेले खोल आटे घेण्यात आले आणि 'ली-मेटफर्ड'ची 'ली-एनफिल्ड' झाली. बोअर युद्धातील अनुभवानंतर पायदळ व घोडदळ दोहोंस चालेल अशी आखूड आवृत्ती आली. तिचा १९०७ मधील मार्क ३ हा प्रकार पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश व हिंदी सैनिकाचे मुख्य शस्त्र ठरला. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून १९१६ मध्ये त्यातील काही भाग वगळण्यात आले. हा मार्क ३ तारांकित होय. दुसऱ्या महायुद्धात नंबर ४ आणि १९४४ पासून नंबर ५ हे प्रकार आले. संग्राहकाच्या दृष्टीने या वंशावळीतील प्रत्येक बारीक फरकास अर्थ आहे, कारण किंमत अखेर याच फरकांवर ठरते.

अतिरिक्त ठरण्याची प्रक्रिया

१९५० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने स्वयंभरण रायफल स्वीकारली आणि लक्षावधी बोल्ट रायफली गोदामांत पडून राहिल्या. सॅम्युअल कमिंग्ज या अमेरिकी व्यापाऱ्याने १९५३ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने अशा शस्त्रांची घाऊक खरेदी करून ती व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथील गोदामांत आणली. शिकारविषयक मासिकांतील जाहिरातींवरून वीस डॉलरच्या आतबाहेर किमतीची रायफल टपालाने घरपोच होत असे. आज काचेच्या कपाटात विराजमान असलेल्या अनेक रायफलींनी असाच स्वस्त प्रवास केला आहे.

सैन्यातून बाहेर पडतानाची खूण रायफलीच्या अंगावर राहते. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर रुंद बाणाचे चिन्ह असे. वस्तू विकली गेली की त्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा उलटा बाण ठोकत. नागरी विक्रीसाठी कायद्याने आवश्यक असलेले चाचणीगृहाचे ठसे नळीवर उमटत. निर्यातीच्या मालावर 'इंग्लंड' हा शब्द पडे. जाणकार हे ठसे एखाद्या पारपत्रावरील शिक्क्यांप्रमाणे वाचतो.

स्वस्त वस्तूची कोणी गय करत नाही. अतिरिक्त रायफल विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास वा शिकाऱ्यास हलके शस्त्र हवे होते. त्याने पुढचे लाकूड करवतीने कापले, संगीन बसवण्याचा लोखंडी मुखवटा फेकून दिला, नळी आखूड केली, दुर्बिणीसाठी भोके पाडली. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी हेच काम कारखान्यात सफाईने केले. काही ठिकाणी कायद्यानेच हे बदल लादले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात लष्करी काडतुसाच्या रायफली नागरिकांस निषिद्ध होत्या. म्हणून तेथे ०.३०३ चे काडतूस चिमटून ०.२५ इंची गोळीचे केले गेले आणि रायफलींच्या नळ्या बदलण्यात आल्या. ज्या कृतींनी रायफल त्या काळी उपयोगी झाली, त्याच कृतींनी आजच्या बाजारातील तिचे मूल्य नष्ट केले. कापलेली रायफल आज सुट्या भागांच्या भावाने विकली जाते. न कापलेली रायफल महाग असण्याचे एक मोठे कारण म्हणजे तिच्या कापल्या गेलेल्या असंख्य बहिणी.

अमेरिकेतील १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने अतिरिक्त लष्करी शस्त्रांची आयात आणि टपालविक्री थांबवली. १९८४ मध्ये संग्रहयोग्य जुन्या शस्त्रांसाठी आयातीची वाट पुन्हा उघडली; मात्र नव्याने येणाऱ्या शस्त्रावर आयातदाराचे नाव व गाव कोरणे आवश्यक ठरले. परिणामी त्याच कारखान्याची, त्याच वर्षाची, पण १९६८ पूर्वी आलेली व म्हणून नाव न कोरलेली रायफल अधिक मोलाची मानली जाते. नळीवरील एका बारीक ओळीने शस्त्राच्या कार्यक्षमतेत काहीही फरक पडत नाही. किमतीत मात्र पडतो.

संग्राहक काय पाहतो

संग्राहक प्रथम क्रमांक पाहतो. कारखान्यातून निघताना रिसीव्हरवरील अनुक्रमांक बोल्टच्या दांड्यावर, नळीवर आणि पुढच्या लाकडावर ठोकलेला असे. मार्क ३ मध्ये तो नळीच्या तोंडाजवळील मुखवट्यावरही असे. हे सर्व क्रमांक जुळले तर रायफल 'एकक्रमांकी' ठरते. बोल्टचा क्रमांक जुळण्यास तांत्रिक कारणही आहे. काडतुसाच्या बुडाशी राहणारे अंतर प्रत्येक रायफलीत बोल्ट बसवून तपासले जाई, त्यामुळे दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घालणे धोक्याचे ठरू शकते. मुखवट्यावरील क्रमांकास मात्र असे कोणतेही कारण नाही. तेथे केवळ साक्षीचे मोल आहे.

त्यानंतर तो गळालेले भाग पाहतो. सुरुवातीच्या मार्क ३ रायफलीवर मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी आणि दूर अंतरावर सामूहिक गोळीबारासाठी बाजूला बसवलेली नेमदर्शिका असे. युद्धकाळात हे दोन्ही भाग निरुपयोगी ठरून पुढील दुरुस्त्यांत काढले गेले. म्हणून ते अद्याप अंगावर असलेली १९१५ पूर्वीची रायफल विशेष मागणीत असते. पॅटर्न १९१४ या भावंडाची कथा अशीच आहे. ब्रिटनसाठी अमेरिकेतील विंचेस्टर, रेमिंग्टन व एडीस्टोन येथे या रायफली बारा लाखांहून अधिक तयार झाल्या. १९३९ मध्ये गोदामांतून काढून त्यांची सरसकट दुरुस्ती करताना त्यांच्याही बाजूच्या नेमदर्शिका उतरवल्या गेल्या. या दुरुस्तीतून निसटलेला नमुना आज वेगळ्या भावाने जातो.

क्रमांकाचे माहात्म्य सर्वाधिक स्पष्ट होते ते नंबर ४ टी या नेमबाज रायफलीत. अचूक ठरलेल्या निवडक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे जात आणि तेथे त्यांवर नंबर ३२ ची दुर्बीण बसवली जाई. अशा वीस हजारांहून अधिक रायफली तयार झाल्या. रिसीव्हरच्या डाव्या अंगास 'टी' अक्षर, दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा क्रमांक आणि दुर्बिणीच्या पकडीवर रायफलीचा क्रमांक, अशी परस्परसाक्ष त्यांवर कोरलेली असे. युद्धानंतर विक्री करताना दुर्बिणी अनेकदा वेगळ्या विकल्या गेल्या, रायफली वेगळ्या. आज एखाद्या संग्राहकाकडे दुर्बीण असते आणि तिच्या पकडीवरील क्रमांकाची रायफल दुसऱ्या देशात असते. ही जोडी पुन्हा जुळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे याद्या चाळतात. सुट्या रायफलीची आणि सुट्या दुर्बिणीची किंमत मिळवली तरी जुळलेल्या जोडीच्या किमतीस ती पोहोचत नाही. या जादा रकमेत लाकूड नाही आणि पोलादही नाही. दोन क्रमांकांनी एकमेकांस दिलेल्या दुजोऱ्याची ती किंमत आहे.

याचे टोक एका विलक्षण उदाहरणात दिसते. १९५० च्या दशकात लिव्हरपूलजवळील फझाकर्ली येथील कारखान्यात आयर्लंडच्या सैन्यासाठी नंबर ४ मार्क २ रायफली तयार झाल्या. त्यांतील पुष्कळशा ग्रीज फासून, मेणकागदात गुंडाळून ठेवलेल्या अवस्थेतच अतिरिक्त ठरल्या आणि तशाच बाजारात आल्या. गुंडाळी न उघडलेली रायफल उघडलेल्या रायफलीपेक्षा महाग असते. मालकाने आपली वस्तू कधीच पाहिलेली नसते. ती पाहण्याची इच्छा त्याने पुरी केली, तर त्याच क्षणी तिचे मूल्य घटते. संग्रहाच्या छंदाविषयी उपरोधाने लिहू पाहणाऱ्यास याहून चांगला दाखला मिळणार नाही.

'मूळ स्थिती' या कल्पनेची चिकित्सा

वरील सर्व निकषांच्या मुळाशी 'मूळ स्थिती' ही एकच कल्पना आहे. रायफल कारखान्याच्या दारातून ज्या स्थितीत बाहेर पडली, त्या स्थितीच्या ती जितकी जवळ, तितके तिचे मोल अधिक. पण ही कल्पना सैन्याची नव्हे, संग्राहकाची आहे. सैन्याच्या आर्मररपुढे शंभर रायफली दुरुस्तीस आल्या की तो फुटलेले लाकूड, झिजलेली नळी, वाकलेली नेमदर्शिका बदलून त्या पुन्हा कामास लावी. कोणता मुखवटा कोणत्या रायफलीचा, याची चिंता त्याने करणे अपेक्षितच नव्हते. मोठी दुरुस्ती झाली की कारखाना 'एफ. टी. आर.', म्हणजे कारखान्यातील संपूर्ण दुरुस्ती, ही अक्षरे ठोकी. सैन्याच्या दृष्टीने ती अक्षरे विश्वासाची ग्वाही होती. बाजारात ती बहुधा किंमत कमी करण्याचे कारण ठरतात.

यातून निष्पन्न होणारी गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. जी रायफल कधी वापरलीच गेली नाही, ती सर्वांत मूल्यवान. जी दोन महायुद्धांत आणि त्यानंतरच्या अनेक दशकांत हातोहात फिरली, जिची नळी बदलली, लाकूड बदलले, बोल्ट बदलला, ती सर्वांत स्वस्त. म्हणजे बाजार मोजतो तो वस्तूचा जन्मदिवस. तिचे आयुष्य तो मोजत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने नेमके उलट मोजावयास हवे. दुरुस्तीचा प्रत्येक ठसा हा एका तारखेचा, एका ठिकाणाचा आणि एका गरजेचा दस्तऐवज असतो. या दृष्टीने फझाकर्लीच्या मेणकागदातील रायफल जवळजवळ मुकी आहे.

बनावट

जेथे ठशाला किंमत येते, तेथे ठसा बनवणारेही येतात. नंबर ५ या आखूड रायफलीस व्यापाऱ्यांनी 'जंगल कार्बाइन' हे आकर्षक नाव दिले आणि तिची मागणी वाढताच साध्या नंबर ४ कापून हुबेहूब 'जंगल कार्बाइन' तयार होऊ लागल्या. अस्सल नंबर ५ मध्ये वजन घटवण्यासाठी रिसीव्हरवर आणि नळीच्या मुळाशी धातू कोरून काढलेला असतो. नकली रायफलीत ते कोरीवकाम सहसा नसते, हा सोपा पडताळा आहे. लिथगो या ऑस्ट्रेलियन कारखान्याने युद्धाच्या अखेरीस सुमारे १,६०० जाड नळीच्या नेमबाज रायफली केल्या. त्यांच्या बाबतीत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची चूक अनुभवी संग्राहक करत नाही.

पाकिस्तानातील दर्रा आदम खेल येथील कारागिरांची परंपरा या प्रकारात पूर्णतः बसत नाही. हातोडी, कानस आणि साध्या यंत्रांवर त्यांनी ली-एनफिल्डच्या प्रतिकृती पिढ्यानपिढ्या घडवल्या, त्या मुख्यतः वापरासाठी. मूळ रायफलीवरील ठसेही त्यांनी इंग्रजी न वाचता, आकृती म्हणून उतरवले. त्यामुळे 'एनफिल्ड'मधील 'एन' हे अक्षर उलटे पडते, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या मुद्रेखाली १९०१ नंतरचे वर्ष दिसते, जेव्हा राणी हयातच नव्हती. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या पाश्चात्त्य सैनिकांनी अशा रायफली जुन्या वस्तू समजून विकत घेतल्या. त्या डागणे असुरक्षित असते. तरीही 'खैबर प्रतिकृती' म्हणून त्यांचा स्वतंत्र संग्रह करणारे लोक आज आहेत, आणि त्यांच्या लेखी उलटे 'एन' हाच अस्सलपणाचा पुरावा आहे.

भारतीय संदर्भ

बंगालमध्ये हुगळीच्या काठी इशापूर येथील रायफल कारखान्यात मार्क ३ चे उत्पादन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले आणि ब्रिटनमध्ये नंबर ४ आल्यानंतरही येथे जुना मार्क ३ चालू राहिला. स्वातंत्र्यानंतर रिसीव्हरवरील राजमुकुट व राजाची आद्याक्षरे जाऊन तेथे अशोकस्तंभाचे सिंह आले. खालची रायफल मात्र तीच होती. एका सत्तांतराचा इतका थेट पुरावा पोलादावर क्वचितच कोरलेला असेल. तिची काडतुसे ज्या कारखान्यांत होत, त्यांत पुण्याजवळील खडकीचा १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना होता. तेथील काडतुसाच्या बुडावरील 'के. एफ.' ही अक्षरे जगभरचे संग्राहक ओळखतात. 'किर्की' म्हणजे खडकी, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल, हा वेगळा प्रश्न.

भारताने ही रायफल थकेपर्यंत वापरली. लाकूड फाटू नये म्हणून पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातला, हातबॉम्ब फेकण्यासाठी राखलेल्या रायफलींच्या लाकडाभोवती तार गुंडाळली. पाश्चात्त्य बाजारात 'इशापूर स्क्रू' दिसला की भाव उतरतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने याच रचनेवर ७.६२ मि.मी. काडतुसाची २ए आणि पुढे २ए१ ही रायफल सुरू केली. जुन्या ०.३०३ ची नळी बदलून ती केली, असा गैरसमज बाजारात दीर्घकाळ होता. वस्तुतः ती अधिक मजबूत पोलादाची नवी निर्मिती होती. अमेरिकेत ती अतिरिक्त म्हणून पोहोचली तेव्हा सर्वांत स्वस्त ली-एनफिल्डपैकी एक ठरली. अलीकडे तिची किंमत वाढली आहे. ७.६२ चे काडतूस सहज मिळते, हे त्याचे एक कारण.

खुद्द भारतात मात्र असा बाजार उभा राहिला नाही. ०.३०३ हा निषिद्ध बोअर असल्याने सामान्य परवानाधारकास ही रायफल बाळगता येत नाही. म्हणूनच इशापूरने नागरिकांसाठी त्याच यंत्रणेवर ०.३१५ ची शिकारी रायफल केली. न्यू साउथ वेल्समध्ये जे काडतूस चिमटून झाले, ते येथे वेगळे काडतूस निवडून झाले. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ पुरातन शस्त्रांस सूट देते, परंतु दुरुस्ती करूनही डागता न येणाऱ्या शस्त्रांसच. ली-एनफिल्ड या अटीत बसणे अवघड, कारण ती शंभर वर्षांनंतरही चालते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पोलिसांच्या हाती असलेल्या थ्री नॉट थ्रीची सर्वत्र चर्चा झाली, आणि ती टीका रास्तच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात तिला अखेरचा निरोप दिला. हजारोंच्या संख्येने निवृत्त होणाऱ्या या रायफलींना नागरी बाजाराची वाट नाही आणि ती असावी असेही कोणी म्हणणार नाही. त्यांचा शेवट बहुधा भट्टीतच होतो. प्रश्न पोलादाचा नाही. त्यावरील ठशांचा आहे. १९१६ चा रिसीव्हर, दुसऱ्या महायुद्धातील नळी, स्वातंत्र्योत्तर इशापूरचे लाकूड आणि त्यावर पोलीस दलाचा क्रमांक असलेल्या रायफलीस संग्राहक सर्वांत कमी बोली लावील. इतिहासाच्या विभागाने मात्र तिच्यावर एक प्रबंधिका लिहावी इतकी सामग्री तिच्यात आहे.

हे काम फार खर्चाचे नाही. अनेक महाविद्यालयांच्या एन.सी.सी. कक्षांत कवायतीसाठी निकामी केलेल्या, 'डी. पी.' अक्षरे ठोकलेल्या रायफली वर्षानुवर्षे राहिल्या आहेत. बाजारात 'डी. पी.' हा दर्जा अगदी तळाचा. परंतु संबंधित अधिकाऱ्यांच्या रीतसर अनुमतीने, त्यांच्याच देखरेखीखाली, प्रत्येक रायफलीवरील कारखान्याचे चिन्ह, वर्ष, राजमुद्रा वा अशोकमुद्रा, नळीवरील तारीख, आडवा स्क्रू आहे की नाही, आणि दुरुस्तीचे ठसे एवढी नोंद एका वहीत करता येते. एका रायफलीस पंधरा-वीस मिनिटे लागावीत. ती रायफल कक्षातून परत गेल्यावर ही नोंद करता येणार नाही.